कुंभार्ली घाटाचा पावसाळा आणि ब्रेझाचे नवे टायर

माझी गाडी २०१९ ची व्हिटारा ब्रेझा, डिझेल. मी चिपळूणला राहते, माहेर कराडचं. आई-बाबा आता थकलेत. त्यामुळे शनिवारी कॉलेजातले तास संपले की गाडी काढायची, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढायचा, हेळवाक, पाटण करत कराड गाठायचं आणि रविवारी उजेड आहे तोवर घाट उतरून घरी यायचं. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. चिपळूणला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट चढून कोयनानगरच्या अंगाला गेलं की त्याहूनही जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटातलं डांबर कोरडं असं दिसतच नाही. डोंगरातले झरे रस्त्यावरून आडवे वाहतात, दरडीची लाल माती वळणावर पसरलेली असते आणि लोट्याला जाणारे टँकर समोरून येत असतात. बऱ्याचदा मागच्या सीटवर आई असते.

हे आधी सांगितलं, कारण कुठला टायर चांगला हे तो कुठल्या रस्त्यावर धावणार यावरच ठरतं. मला हवा होता ओल्या डांबरावर धरणारा टायर. बाकी सगळं, म्हणजे तो किती टिकतो, दिसतो कसा, ॲव्हरेज किती देतो, हे त्याच्या मागून. मे २०२५ मध्ये मी चारही टायर बदलून मिशेलिनचे प्रायमसी ४ एसटी घातले, मूळच्याच २१५/६० आर १६ या मापात. आता अख्खा पावसाळा त्यांच्यावर काढलाय आणि मी समाधानी आहे. महाग आहेत, पण ओल्या घाटासाठी ते पैसे मला योग्य वाटतात. याच रस्त्यावर रोज जाणाऱ्या, कॉलेजातल्या दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीचे टायर गाडीबरोबर आलेले होते. सहा वर्षं आणि पन्नासेक हजार किलोमीटर झाले होते. इथल्या मेकॅनिकचं म्हणणं, "मॅडम, अजून वर्षभर आरामात जातील." कायद्याने पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. मोटारीच्या टायरवर १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक असली पाहिजे असा नियम आहे. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात ते याच खुणेचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या टायरवर तीन मिलिमीटर होती. नक्षीची खोली मोजायची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते, ती प्रत्येकाने गाडीत ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

पण नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो. रस्त्यावरचं पाणी या खाचांमधून बाहेर फेकलं जातं, म्हणून रबर डांबराला टेकतं. खाच उथळ झाली की फेकायच्या पाण्याला जागा उरत नाही, मग वेग थोडा वाढला तरी चाक पाण्यावर तरंगायला लागतं आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. कोरड्या रस्त्यावर तीन मिलिमीटरचा टायर ठणठणीत वाटतो. पावसात त्याचं थांबायचं अंतर नव्या टायरपेक्षा बरंच वाढतं. कोकणात राहणाऱ्याने १.६ चा आकडा विसरावा आणि तीनला टायर बदलावेत, तेही पावसाळ्याच्या आधी.

नुसती खोली बघूनही भागत नाही. गाडी उभी करून, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. माझ्या डाव्या टायरवर एकीकडून हात गुळगुळीत जायचा आणि उलट फिरवला की प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना टोचायची. चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते, बिघडला की रबर असं एका दिशेने खरवडलं जातं. आतली कड तर बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेली होती, आणि ती वरून दिसतच नाही. खाचांच्या तळाला केसासारख्या बारीक चिरा होत्या. सहा वर्षं उन्हात आणि खाऱ्या हवेत काढलेलं रबर कडक होतं. कडक रबर ओल्या दगडावर आणि डांबरावर धरत नाही, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

मापाचा प्रश्न आधी आला. चिपळुणातल्या एका दुकानात २१५/६० नव्हता, २१५/६५ होता. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पासष्टचा घालूया ना, गाडी उंच दिसेल, खड्ड्यालाही बरी." ऐकायला गोड वाटतं, म्हणून हिशोब मांडते. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, १६ म्हणजे रिम सोळा इंची. माझ्या मापाच्या चाकाचा व्यास होतो सुमारे ६६४ मिलिमीटर. ६५ चा घातला की ६८६. गाडी उचलली जाणार जेमतेम अकरा मिलिमीटर, कारण वाढलेल्या व्यासातला अर्धाच भाग खाली येतो. बदल्यात स्पीडोमीटर सव्वातीन टक्के कमी दाखवणार, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक आतल्या अस्तराला घासतंय का ते बघत बसावं लागणार, आणि कंपनीने ब्रेक नि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) ज्या चाकाला धरून जुळवले ते चाकच बदलणार. उंच दिसण्यासाठी एवढं कशाला करायचं?

मापाच्या पुढे ९५ एच असं काहीतरी छापलेलं असतं, तेही वाचावं. ९५ म्हणजे एका टायरने ६९० किलो पेलायचे, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तेवढ्या वेगाने आपण जात नाही, पण ही अक्षरं टायर किती उष्णता सोसेल तेही सांगतात. नव्या टायरवरचा आकडा आणि अक्षर जुन्याएवढं किंवा वरचं असावं. स्वस्तात मिळतोय म्हणून खालचा घेऊ नये. तुमच्या गाडीचं मूळ माप दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. ब्रेझाच्याच खालच्या मॉडेलला २०५/६० होता, तेव्हा शेजाऱ्याच्या ब्रेझाकडे बघूनही माप ठरवू नका.

मग ब्रँड. माझ्या मापात पर्याय बरेच होते: सिएटचा सिक्युराड्राइव्ह एसयूव्ही, अपोलोचा ॲप्टेरा क्रॉस, एमआरएफचा वाँडरर, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामाचा ब्लूअर्थ, कॉन्टिनेंटल आणि मिशेलिन. मला मिळालेले भाव देशी कंपन्यांचे सात-आठ हजारांच्या घरात आणि मिशेलिनचा दहाच्या वर, एका टायरचा. मी घेतले तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय, म्हणजे तेव्हाच्या दहा हजारांच्या टायरमागे सुमारे ७८० रुपये कमी व्हायला हवेत. दुकानात जाल तेव्हा हा फरक बिलात दिसतोय का ते जरूर बघा.

आपल्याकडे बनणाऱ्या टायरचा मोठा फायदा म्हणजे ताजी तारीख. सिएटचे कारखाने नाशिकला आणि नागपूरला आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. तिथला माल दुकानात यायला वेळ लागत नाही. बाहेरून येणाऱ्या टायरचं तसं नाही. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून आयात टायरच्या काही मापांची वाट बघावी लागते. मग कुणी तीन वर्षांपूर्वीचा पडून असलेला माल 'ऑफर' म्हणून दाखवतो. मला एके ठिकाणी तसा दाखवलाही. टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. टायर नवा असो वा जुना, रबराचं वय त्या आठवड्यापासूनच मोजायचं. मी सहा-आठ महिन्यांपेक्षा जुना घेणार नव्हते.

हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला ओळ अर्धीच असते. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधीच बघून घ्यावं.

बऱ्याच टायरवर आणखी एक ओळ असते: ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त चालावा, असा अर्थ. पण हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवरून देते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० दुसरीच्या ३४० पेक्षा सरस असं धरून चालत नाही. माझं लक्ष ट्रॅक्शनवर होतं. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावर टायर किती धरतो, त्याची ती श्रेणी: एए सर्वात वर, मग ए, बी, सी. वळणावरच्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही, तरी काहीच माहिती नसण्यापेक्षा पुष्कळ बरी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल काही टायरवर दिसतं, ते इंधन किती वाचतं त्याचं. घाटात थांबण्याशी त्याचा संबंध नाही, दोन्हींत गल्लत करू नका.

ऑल-टेरेन टायरबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्याकडच्या तरुण मुलांना तेच हवे असतात. जाड ठोकळे, बाजूवर पांढरी अक्षरं, गाडीला रुबाब येतो हे खरं. पण ते ठोकळे माती-खडीसाठी घडवलेले. ओल्या गुळगुळीत डांबरावर त्यांचं रबर टेकतं कमी, ब्रेकला गाडी जास्त पुढे जाते, आवाज होतो तो वेगळाच. ब्रेझा पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी. ती चिखलाच्या शेतात घालायची नसते आणि घातली तर टायर तिला वाचवत नाही. ज्यांच्या घरापर्यंत कातळ नि खडीचाच रस्ता आहे त्यांचं वेगळं. बाकीच्यांनी हायवेचा टायरच घ्यावा.

मिशेलिनवर येऊन थांबले त्याचं कारण प्रायमसी ४ या मालिकेबद्दलचा कंपनीचा दावा. खाचांचा आकार असा ठेवलाय, की टायर झिजत गेला तरी खाच तळाशी अरुंद होत नाही आणि पाणी फेकायला जागा राहते. नवा असताना सगळेच बरे टायर पावसात चांगले चालतात. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्याचा. दावा खरा की कसा हे मला तेव्हाच कळेल, आज त्याची ग्वाही देत नाही.

टायर घेतले कराडला, कोल्हापूर नाक्याच्या बाजूला असलेल्या एका बाप-लेकाच्या दुकानात. दुकानाचं नाव देत नाही, पण काम कसं करून घ्यायचं ते तिथे बघितलं म्हणून सगळं सांगते. माझ्या मते निम्मी किंमत टायरची आणि निम्मी बसवणाऱ्याच्या हाताची.

दादांनी, म्हणजे त्यातल्या वडिलांनी, चारही टायर फरशीवर आडवे मांडले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "ताई, तारीख बघून घ्या की आधी." चारांवरही ४७२४ होतं, म्हणजे २०२४ चा नोव्हेंबर. मी मान डोलावल्यावर मुलाने गाडी उचलली. जुना टायर रिमवरून सोडवला, तेव्हा दादांनी मला जवळ बोलावलं. अलॉय रिमच्या ज्या कडेवर टायर घट्ट बसतो तिथे बुरशीसारखी पांढरी पूड धरलेली होती. ॲल्युमिनियम दमट, खाऱ्या हवेत असं फुलतं. माझ्या डाव्या पुढच्या चाकाची हवा गेलं वर्षभर आठवड्याला तीन-चार पॉइंट उतरायची. प्रत्येक पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून बघितला, खिळा कधी सापडला नाही. हवा जात होती ती या पुडीच्या खडबडीतून. दादांनी तारेच्या ब्रशने पूर्ण कड गोल घासली, वर बारीक पॉलिश पेपर फिरवला, ओल्या फडक्याने पुसली, बोट फिरवून बघितली आणि परत एका जागी घासली. चारही रिमना हेच. नुसत्या या कामाला तासाभराच्या वर गेला. वाल्व नवे घातले. रबरी वाल्व टायरइतकाच म्हातारा होतो आणि किंमत किरकोळ, पण सांगितल्याशिवाय बरीच दुकानं बदलत नाहीत. आता ते डावं चाक महिनाभरात एखादा पॉइंट उतरतं, तेवढं कुठल्याही टायरचं उतरतंच.

बॅलन्सिंगच्या मशीनवर एका चाकाने ४५ ग्रॅम मागितले. मुलगा वजनं काढायला लागला, तर दादा म्हणाले, "थांब, एवढं शिसं चिकटवायचं न्हाई. हवा सोड." टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत फुगवला. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकाच ठिकाणी आली होती, ती समोरासमोर गेली. आता मशीनने १५ ग्रॅम मागितले. रिमच्या आत जुन्या वजनांचा चिकट डिंक होता, तो खरवडून मगच नवी पट्टी लावली. कराडहून पाटणच्या बाजूला लागल्यावर मी वेग वाढवून बघितला, स्टेअरिंग अजिबात थरथरलं नाही.

नट आधी हाताने फिरवून बसवले, एक सोडून एक. गाडी खाली घेतल्यावर टॉर्कच्या, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या, पान्याने आवळले, प्रत्येक नटाला 'कट' आवाज येईपर्यंत. हवेच्या गनने धाडधाड आवळलेले नट पुढे रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईला हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. मशीनने आधीचे आणि नंतरचे आकडे छापून दिले, तो कागद मी जपून ठेवलाय. पुढच्या चाकांचा टो बाहेर गेला होता, म्हणूनच आतली कड खरवडली जात होती. हे दुरुस्त न करता नवे टायर घातले असते तर वर्षभरात तेही तसेच झाले असते. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यावा. 'केलंय' एवढ्यावर समाधान मानू नये.

नायट्रोजन भरायचा का, असं मीच विचारलं. त्यांच्याकडे सोय होती, तरी म्हणाले, "भरू की, पण साध्या हवेतबी तोच जास्त असतोय. हवा दर पंधरवड्याला तपासा म्हंजे झालं." साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. विकायची संधी असून खरं बोलणारा दुकानदार भेटला की त्याच्याकडे परत जावं. हवा मात्र सकाळी चाक थंड असताना आणि दाराच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच भरायची. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस मारतो, त्याला आकडा सांगावा लागतो.

आता रस्त्यावरचा अनुभव. नव्या टायरला कारखान्यातल्या साच्याचा तुळतुळीतपणा असतो, म्हणून पहिले तीनेकशे किलोमीटर मी जपूनच चालवली. पहिला पाऊस झाल्यावर घाटातलं डांबर सगळ्यात निसरडं असतं. वर्षभराचं सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येते. त्या आठवड्यात घाट उतरताना फरक स्पष्ट कळला. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असताना वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावला की पुढचं चाक क्षणभर सरकायचं, पायाखाली एबीएसची धडधड यायची आणि मग गाडी वळायची. तीच वळणं, तोच वेग, आणि आता एबीएस जागा होत नाही. गाडी नुसती हळू होते आणि वळते. मला यातच सगळं मिळालं.

आडवे वाहणारे झरे ही दुसरी परीक्षा. पाण्याचा पट्टा आला की पूर्वी स्टेअरिंग हलकं व्हायचं आणि मी नकळत श्वास धरायचे. आता वेग कमी करून त्यातून गेलं की स्टेअरिंगचं वजन हाताला लागत राहतं. वेग मात्र कमी करायचाच. साचलेलं पाणी खोल असलं तर जगातला कुठलाही टायर तरंगतो. चढावर थांबून पुन्हा निघताना, लाल मातीच्या थरावर पुढची चाकं फिरून रहायची तेही बरंच कमी झालंय.

आवाजाबद्दल सांगायचं तर डांबरावर गाडी इतकी शांत झाली, की बाबांनी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "इंजिनाचं काही केलंस का?" मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर आवाज येतो. त्या काँक्रीटला पाणी जायला आडव्या रेघा पाडलेल्या असतात, त्यावर कुठलाही टायर गातोच. खड्डे आणि पॅच यांचा हिसका कमी झाला. आईच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, पाटणच्या अलीकडच्या खराब तुकड्यात ती पूर्वी सीटचा दांडा धरून बसायची. आता तशी बसत नाही. ॲव्हरेजमध्ये जाणवेल असा फरक मला दिसला नाही.

आरामासाठी बनवलेल्या टायरची बाजू तुलनेने मऊ असते, मग कंपनी कुठलीही असो. रस्त्याची कड सोडून गाडी खाली घेताना जांभ्याच्या धारदार दगडाला ती घासू देऊ नका. बाजूला काप गेला किंवा फुगा आला तर तो टायर गेलाच, बाजूचं पंक्चर काढायचं नसतं. मी आता समोरून एसटी आली की आधीच रुंद जागा बघून थांबते, कडेला उतरत नाही. ज्यांचं रोजचं जाणं-येणं अशा अरुंद, दगडी कडांच्या रस्त्यावर आहे त्यांनी जरा कडक बाजूचा देशी टायर घ्यावा. माझ्या एका सहकाऱ्याने गुहागरच्या बाजूच्या वाटांसाठी सिएटचा सिक्युराड्राइव्ह घेतलाय. त्याच्या गाडीतून मी पावसात गेलेय, गाडी विश्वासाने थांबते, आणि चार टायरमागे त्याचे दहा हजार तरी वाचले. माझ्या वाटेवर घाट नसता तर मीही तोच घेतला असता.

विदर्भ-मराठवाड्यातल्या नातेवाइकांनी हाच टायर घेऊ का असं विचारलं, त्यांना मी वेगळं सांगितलं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, काँक्रीटचा, मोटारींना १२० ची वेगमर्यादा. तिथे उन्हाळ्यात तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायर तापतो, आणि हवा कमी असेल तर बाजू दुमडून दुमडून आणखी तापतो. टायर फुटायचं हे मुख्य कारण. आरटीओने तिथे प्रवेशालाच टायर तपासून गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या, टायरवाल्यांना परत पाठवलं होतं, ते योग्यच होतं. त्या रस्त्यासाठी ताजी तारीख, टेंपरेचरला, म्हणजे उष्णता सोसण्याला, ए श्रेणी आणि निघायच्या आधी थंड टायरमध्ये मोजलेली हवा, एवढं पुरे. त्यासाठी मिशेलिनचे पैसे घालायलाच हवेत असं नाही.

दोनच टायर बदलायचं बजेट असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. नवे दोन मागे घालायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरीही. दुकानदार पुढे घालतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात राहत नाही. पुढची सरकली तर निदान पाय काढून वेग कमी करता येतो. दुकानात उभं राहून हे आग्रहाने सांगावं लागेल, ते सांगा.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची जागा बदलायची: पुढची सरळ मागे, मागची पुढे येताना आडवी, डावं उजवीकडे. माझी ती पाळी दिवाळीच्या सुट्टीत कराडला गेले की. स्टेपनी अजून २०१९ चीच आहे. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नक्षी कोरी आहे, पण रबर सहा वर्षांचं. तिच्यावर त्याच फेरीत साधा देशी टायर चढवून घेणार आहे, दादांना तसं फोनवर सांगून ठेवलंय. जाणार असाल तर त्यांच्याकडे सकाळी दहाच्या आत पोहोचा. ते एका वेळी एकच गाडी घेतात आणि चार टायरला अर्धा दिवस धरून चालावं लागतं.